बाकेआनो

आणली तेव्हा चारही चाकं मातीत रुतलेली,
न्यांकुफिलच्या कुरणात, पॉप्लरच्या रांगेआड,
बावीस वर्षं वारा खात.
वारा म्हणजे इथला, चुबूतच्या खोऱ्यातला:
आधी रंग खातो, मग पत्रा,
मग माणसाचं बोलणं.

न्यांकुफिल म्हणाला, "किंमत कसली सांगू?
ओढून न्यायचा खर्च तुझा.
सीटखाली कोंबडीनं अंडी घातली असतील
तर ती माझी."

मागच्या फळीवर नाव होतं, बाकेआनो.
म्हणजे वाटाड्या, आडरानातल्या वाटा पाठ असलेला.
पहिलं अक्षर गळालेलं.

मी शाळेत गाणं शिकवते.
पाने कितीच्या मापाचे असतात, ठाऊक नव्हतं.
पहिल्या दिवशी डबा उघडला,
पाहिला,
झाकण लावून माते प्यायला गेले.

बॉनेट उघडायला तीन दिवस.
एअर फिल्टरमध्ये उंदराचा संसार:
मेंढीची लोकर, बियांची टरफलं,
आणि कसल्याशा पावतीचा कुरतडलेला कोपरा,
त्यावर कुणाची तरी सही, अजून वाचता येणारी.
तो संसार मी बुटांच्या खोक्यात ठेवला.
का, ते विचारू नका.

मागच्या स्प्रिंगचा बोल्ट काही नमतं घेईना.
डिझेल पाजलं. तापवला.
शिव्या दिल्या, आधी वेल्शमध्ये, आजीच्या,
मग स्पॅनिशमध्ये, माझ्या स्वतःच्या.
स्पॅनिशला हलला, पण अर्धाच:
डोकं माझ्या हातात, धड तिथेच.
त्या रात्री भाऊ म्हणाला,
"नेस्ता, भंगारात घाल."
मी ऐकून घेतलं, आणि सकाळी ड्रिल विकत आणलं.

सहा सिलिंडर, सहा तारा.
मी एकापासून सहापर्यंत ओळीनं लावल्या,
मुलं उंचीप्रमाणे उभी करतात तशा.
गाडी शिंकली. मागून जाळ.
कुत्रा दोन दिवस घरी आला नाही.

ट्रेलेवला भंगारवाली ओफेलिया
दात कोरत सगळं ऐकत राहिली,
मग खडूनं दारावर लिहिलं:
१ ५ ३ ६ २ ४.
"शेजाऱ्याला शेजाऱ्यानंतर लगेच पेटवायचं नसतं.
पाठ कर."

पाठ केला. भांडी घासताना. कालव्याकाठी चालताना.
वर्गात ताल द्यायला हात उचलला
आणि तोंडातून निघालं,
एक पाच, तीन सहा, दोन चार.
मुलं गोंधळली, मग गायली,
नेहमीपेक्षा बरी गायली.

ती चालू झाली तो मंगळवार होता,
बघायला कुणीच नव्हतं.
मी बंद केली. पुन्हा चालू केली.
पुन्हा.
बेरजेचा ताळा करावा तशी.

तीन नट उरलेत. कुठले, माहीत नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेत.

मग रविवारी इथेलला शेजारी बसवलं,
मांडीवर काळ्या केकचा डबा.
नदीकडच्या उताराला, जिथे कालव्याचं पाणी सोडलं होतं,
बसलो. बसलो म्हणजे पुरेच बसलो.
मी दुसरा दांडा ओढला, चारही चाकांचा, ऐटीत.
मागची दोन चिखल उधळू लागली.
पुढची दोन, पाहुण्यांसारखी, गप्प.

इथेलनं केकचा तुकडा संपवला. बोटं चाटली.
"पुढच्यांना कळवलंस का?"

तेव्हा आठवलं. पुढच्या चाकांच्या मधोमध
एक चकती असते, हातानं फिरवायची.
आतून नाही होत ते. खाली उतरावं लागतं.
चर्चसाठी घातलेल्या परकरासकट
मी चिखलात गुडघे टेकले.
एक चकती: टक्.
पलीकडे जाऊन, दुसरी: टक्.
एवढासाच आवाज,
कडी आतून काढल्यासारखा.

वर चढले तेव्हा काचेवर माझ्याच हाताचा चिखल.
वाट नीट दिसत नव्हती.
इथेल म्हणाला, "पूस."
म्हटलं, राहू दे,
आधी हिला निघू दे.